धबधबा कसा पाहावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिला मोठा धबधबा पाहायला गेले तेव्हा मी तिथे जेमतेम वीस मिनिटं होते. फोटो काढले, तुषार अंगावर घेतले, मन भरलं असं वाटलं आणि परत फिरले. रात्री एका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, "पाणी सरळ पडतं की मध्ये टप्पा आहे?" मला सांगता येईना. फोटोंतही पांढऱ्या पट्ट्यापलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्यांदा वही घेऊन गेले आणि चार तास बसले. तेव्हा लक्षात आलं की इथे काहीतरी सतत चाललेलं आहे. कडा मागे सरकतो आहे, पाणी चढतं आणि ओसरतं आहे, वरून दगड येताहेत, आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या या जागेला नावं देऊन, पुजून, अडवून, वाचवून गेली आहेत. हे सगळं दिसावं म्हणून मी एक क्रम पाळते. तो इथे मांडते. सुरुवातीला हे सगळं माहीत नसल्यामुळे माझ्या तीन-चार सहली वाया गेल्या, तुमच्या जाऊ नयेत.

१. उंचीच्या यादीवरून धबधबा निवडू नका

"सर्वांत उंच" या शब्दांना बहुतेक जण पहिल्यांदा भुलतात. व्हेनेझुएलातल्या एंजल धबधब्याची उंची ९७९ मीटर सांगतात, पण त्यातली अखंड उडी ८०७ मीटरची आहे. बाकी उतारावरून धावणारं पाणी आणि खालचे छोटे टप्पे. म्हणून कुठलाही आकडा वाचलात की विचारा, ही एकूण उंची की एका उडीची?

शिवाय उंची हे धबधब्याचं एकच माप झालं. नायगारा सुमारे ५० मीटर उंच आहे, पण तिथे अख्ख्या महासरोवरांचं पाणी पडतं. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया १०८ मीटर उंच आणि तब्बल १,७०८ मीटर रुंद. झांबेझी नदीचं सबंध पात्रच एका भेगेत उतरतं. पहिल्यांदा जाताना मध्यम उंचीचा, समोरून पाहायला पक्की जागा असलेला आणि निदान दोन बाजूंनी दिसणारा धबधबा निवडा. फक्त माथ्यावरूनच दिसणारा पहिल्या वेळी टाळा. तिथून दिसतं कमी आणि कडा मात्र जवळ असतो.

२. घरी बसून नकाशा वाचा

निघण्याआधीचा एक तास नकाशाला द्या. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा उघडा आणि नदीची निळी रेघ वरून खाली बोटानं धरून चला. जिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटून नदी ओलांडतात, तिथे कडा आहे. आता उलटं, कड्यापासून वर उगमाकडे जा. किती ओढे येऊन मिळतात, वर पठार आहे की जंगल की शेती, हे पाहा. पाणलोट क्षेत्र लहान असेल तर पाऊस पडला की तास-दोन तासांत धबधबा फुगतो आणि तसाच झटकन ओसरतो. मोठं असेल तर दोन दिवसांपूर्वी शंभर किलोमीटरवर पडलेला पाऊस आज तुमच्यासमोर कोसळत असतो. याचा अर्थ तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी पाणी वाढू शकतं.

वर धरण आहे का, हेही आत्ताच पाहून ठेवा. धरण असेल तर तुम्हाला दिसणारं पाणी नदीनं ठरवलेलं नसतं, कोणीतरी सोडलेलं असतं. कर्नाटकात शरावती नदीवरच्या जोग धबधब्याचा २५३ मीटरचा कडा आजही तोच आहे, पण १९६४ साली वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पुरं झालं आणि राजा, राणी, रोअरर, रॉकेट या चारही धारांचं पाणी धरणाच्या दारांवर अवलंबून राहू लागलं. नायगाराचं तर वेळापत्रकच आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान सुमारे २,८०० घनमीटर पाणी कड्यावरून जाऊ द्यायचं, इतर वेळी त्याच्या निम्मं. उरलेलं वीज करायला वळवलं जातं. हे कळलं म्हणून त्या दृश्याची भव्यता कमी होत नाही. पण आपण नेमकं काय पाहतो आहोत ते कळतं.

३. ऋतू आणि तास ठरवा

धबधब्याला पाणी कुठून मिळतं यावर ऋतू ठरतो. पावसाच्या पाण्यावरचे पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे भरात असतात. बर्फावर जगणारे वसंतात. कॅलिफोर्नियातला ७३९ मीटरचा योसेमिटी धबधबा वसंताच्या अखेरीस गर्जत असतो आणि उन्हाळा संपता संपता बहुतेक वर्षी कोरडा पडतो. तेव्हा जाणाऱ्याला काळवंडलेला ओला पट्टा तेवढा दिसतो. झऱ्यांवर चालणारे मात्र वर्षभर जवळपास सारखे वाहतात.

जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं दर्शन, असं समजू नका. व्हिक्टोरियाला एप्रिलच्या सुमारास पूर आलेला असतो आणि तेव्हा तुषारांचा ढग इतका दाट उठतो की समोर उभं राहूनही कडा दिसत नाही. कातळ पाहायचा असेल तर पाणी ओसरू लागल्यावर जा.

आता तास. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी आणि तुषार समोर हवेत. तुमच्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांच्या कमानीवर ते उमटतं. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या धबधब्याला दुपार कलल्यावर जावं आणि पूर्वेकडे तोंड असलेल्याला सकाळी. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशातही असंच फिकट धनुष्य पडतं, आणि व्हिक्टोरियाला लोक खास त्यासाठी रात्री जातात.

४. पिशवीत काय हवं

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण एक नसलं की दारातूनच परतावं लागतं. बरेच धबधबे संरक्षित जंगलात किंवा राष्ट्रीय उद्यानात असतात, म्हणून हे आधी तपासा:

- फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत
- प्रवेशपरवाना लागत असल्यास त्याची छापील प्रत (दरीत फोनला रेंज नसते)
- ड्रोन नेणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. नसेल तर ड्रोन घरीच ठेवा
- आधीच फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा
- खाचदार रबरी तळाचे बूट. चपला आणि झिजलेले बूट अजिबात नकोत
- पावसाचा अंगरखा, कोरडे कपडे आणि ते ठेवायला जलरोधक पिशवी
- शिट्टी, कारण धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही
- वही, पेन्सिल (शाई तुषारांनी फुटते), दुर्बीण, भिंग पुसायला दोन-तीन मऊ फडकी
- मोजपट्टी किंवा गाठी मारलेली दहा मीटरची दोरी

घरच्या कोणाला तरी कुठे जाताय आणि केव्हापर्यंत परतणार, हे लिहून पाठवा.

५. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं पाण्यात उतरू नका

हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण धबधब्यांवर होणारे बरेचसे अपघात टाळता येण्यासारखे असतात.

पोचल्यावर आधी नुसतं उभं राहून पाहा. काठच्या एखाद्या दगडावर पाण्याची रेघ कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. रेघ वर सरकली असेल तर पाणी वाढतं आहे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, पाला-काटक्या वाहून येऊ लागणं, आवाजाचा सूर जड होणं, ही लोंढ्याची चिन्हं आहेत. यातलं एक जरी दिसलं तरी सामान गोळा करत बसू नका. प्रवाहाच्या दिशेनं पळू नका, ओलांडून पलीकडेही जाऊ नका. आहात त्याच काठानं सरळ उंचावर चढा.

माथ्यावरचं पाणी फसवं असतं. कड्याजवळ ते घोटाभर आणि संथ दिसतं, पण खालचा कातळ शेवाळानं बुळबुळीत असतो आणि प्रवाह नेमका कड्यापाशीच वेग घेतो. कड्याच्या वरच्या अंगाला नदी ओलांडायची नाही, हा माझा मोडता न येणारा नियम आहे.

पायथ्याचा डोह वेगळ्या कारणानं धोक्याचा. पांढरं फेसाळ पाणी म्हणजे पाणी आणि हवा यांचं मिश्रण. ते साध्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे अंगाला तितकं वर उचलून धरत नाही, आणि चांगला पोहणाराही त्यात बुडतो. त्यातच कोसळणारं पाणी तळाशी जाऊन वर येताना पुन्हा धारेकडे वळतं, म्हणजे जो डोहात सापडतो त्याला प्रवाह बाहेर काढण्याऐवजी परत धारेखाली ओढतो. वरून संथ दिसणाऱ्या डोहातही तळाला रांजणखळगे (कातळात पडलेले गोल, खोल खड्डे) आणि कपारी असतात. त्यात पाय अडकतो.

थेट धारेखाली उभं राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण पाण्याबरोबर दगडही येतात. पायथ्याशी पडलेले ताज्या, टोकदार कडांचे धोंडे पाहा; ते सगळे वरूनच आलेले आहेत.

६. कातळ वाचा

सुरक्षित जागा सापडली की बसा, आणि पाणी सोडून आधी त्याच्या दोन्ही बाजूंचा कोरडा कडा दुर्बिणीतून पाहा. नदी इथेच का पडली, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

कड्याचा वरचा थर जाड, टणक आणि खालचा ठिसूळ दिसतो का? तसं असेल तर पाणी खालचा थर पोखरतं, वरचा छज्जासारखा पुढे राहतो आणि एक दिवस आपल्याच वजनानं तुटतो. नायगारा असाच मागे सरकत आला आहे: वर डोलोमाइट हा टणक खडक, खाली शेल हा मऊ खडक, आणि सुमारे १२ हजार वर्षांत ११ किलोमीटरच्या आसपास माघार. म्हणजे खालची दरी हा धबधब्याच्या प्रवासाचा मागच आहे. धबधब्यामागे पोकळी दिसली, पायथ्याला मोठाल्या शिळांचा ढीग दिसला, तर हीच गोष्ट तुमच्यासमोर चालू आहे असं समजा.

कडा पायऱ्यापायऱ्यांचा आहे का? मग लाव्हाचे थर एकावर एक साचलेले असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक थर एकेका पायरीसारखा उघडा पडतो. ब्राझील-अर्जेंटिना सीमेवरचा इग्वासू याच जातीचा; सुमारे २.७ किलोमीटर लांबीच्या कड्यावर शेकडो धारा, त्यातल्या कित्येक मध्ये एक टप्पा घेऊन उतरणाऱ्या. व्हिक्टोरियाचा कातळही थिजलेल्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टच, पण तिथे नदीनं कातळातल्या उभ्या भेगा कोरल्या. नकाशात त्याच्या खालची नागमोडी घळ पाहा. तिचं एकेक वळण म्हणजे धबधब्याची एकेक जुनी जागा.

छोटी नदी खूप उंचावरून एका रुंद, सपाट तळाच्या दरीत पडत असेल तर ते बहुधा हिमनदीचं काम. मोठ्या हिमनदीनं मुख्य दरी खोल कोरली, बाजूची दरी वरच लटकत राहिली. योसेमिटी आणि स्वित्झर्लंडमधला सुमारे ३०० मीटरचा श्टाउबबाख ही त्याची उदाहरणं.

आणि याच्या नेमका उलट प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. क्रोएशियातल्या प्लिटविसमध्ये पाणी कडा झिजवत नाही, घडवतं. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर साचत जातो, त्याचे बांध वाढत जातात, बांधांमागे तळी भरतात आणि धबधबे जागा बदलत राहतात. तिथे शेवाळावर पाय देणं म्हणजे धबधब्याच्या कोंभावर पाय देणं आहे.

हे सगळं वहीत उतरवा. साधं रेखाचित्र पुरतं: थर किती, कुठे बाहेर आलेले, कुठे आत गेलेले. चित्रकला येत नाही म्हणून टाळू नका. हात चालतो तेव्हा डोळा थांबतो.

७. उंची स्वतः मोजा

फोनमधल्या कोनमापक अ‍ॅपनं हे जमतं. सपाट काठावर उभं राहून फोनची कड डोळ्याजवळ धरा आणि तिच्यावरून धबधब्याचा माथा नेमा. जिथून माथा ४५ अंशांवर दिसतो, तिथे खूण ठेवा. मग धबधब्यापासून सरळ मागे सरकत माथा ३० अंशांवर येईल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.३७ नं गुणा. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवली की झालं. अंतर २२ मीटर भरलं तर धबधबा साधारण ३२ मीटरचा. या रीतीत पायथ्यापर्यंत जावं लागत नाही, हा मोठा फायदा. दोन्ही खुणा पायथ्याच्याच पातळीत मात्र हव्यात. काठ चढत किंवा उतरत गेला की हिशेब चुकतो.

८. कान द्या, मग एकाच ठिकाणी टक लावा

पाच मिनिटं डोळे मिटून बसा. एकच घरघर वाटणाऱ्या आवाजात हळूहळू थर कळू लागतात: डोहावर आदळणाऱ्या धारेचा खालचा सूर, खडकावर फुटणाऱ्या पाण्याचा तडतडाट, बाजूच्या बारीक ओघळाची झुळझुळ. धबधबा हा शब्दच मराठीनं कानानं बनवला आहे, हे तिथे बसल्यावर पटतं.

मग डोळे उघडून धारेतल्या एकाच बिंदूवर अर्धा-एक मिनिट नजर रोखा, आणि लगेच बाजूच्या कोरड्या कातळाकडे पाहा. कातळ वर सरकताना दिसेल. वाहत्या पाण्याकडे पाहून होणाऱ्या या भासाची नोंद अ‍ॅरिस्टॉटलनं करून ठेवली आहे, आणि १८३४ साली रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यापाशी तो पुन्हा अनुभवून लिहिला. खाली सरकणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी थकतात आणि वरच्या दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं. बसूनच करा, उभं राहून तोल जातो.

९. नाव विचारा

पाटीवरचं नाव हे बहुधा शेवटचं नाव असतं. त्याआधीचं शोधा. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा ब्रिटिश प्रवासी १८५५ मध्ये झांबेझीवर पोचला आणि त्यानं आपल्या राणीचं नाव धबधब्याला दिलं. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत होतेच. १९८९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही नावं शेजारी शेजारी आली. एंजल हे नाव जिमी एंजल या वैमानिकाचं, ज्याचं विमान १९३७ मध्ये वरच्या पठारावर उतरून रुतलं. तिथले मूळ रहिवासी पेमोन लोक त्याच धबधब्याला केरेपाकुपाई मेरू म्हणतात: सर्वांत खोल जागेचा धबधबा. मला ही जुनी नावं जास्त खरी वाटतात, कारण त्यांत पाहणाऱ्याऐवजी पाणीच दिसतं. इग्वासूचा अर्थ तर नुसता 'मोठं पाणी'.

नावानंतर, लोक इथे काय करतात ते पाहा. जपानमध्ये नाची इथला १३३ मीटरचा धबधबा स्वतःच देवता आहे. त्याच्या पायथ्याच्या देवस्थानात मूर्तीचं गर्भगृह नाही, कारण नमस्कार समोरच्या धारेलाच करायचा. माथ्यावर पवित्र दोर ताणलेला असतो. अशा ठिकाणी गेलात तर आधी इतर माणसं कुठे थांबतात, कुठे वाकतात, कुठे बूट काढतात ते पाहा आणि तसंच करा. कोणी पूजेत किंवा स्नानात असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

आणि हा धबधबा अजून का आहे, हेही विचारा. एकोणिसाव्या शतकात नायगाराचा काठ खासगी मालकांनी इतका वेढला होता की पैसे दिल्याशिवाय तो धड पाहताच येत नसे. उद्यानं रचणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि इतरांच्या चळवळीनंतर १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ती जमीन घेऊन सगळ्यांना खुली केली. आइसलंडमधल्या गुल्फॉसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज प्रकल्प येऊ घातला होता. शेजारच्या शेतावरच्या सिग्रीदूर तोमासदोत्तिर त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. तिथे बांध घातलात तर धबधब्यात उडी घेईन, असं त्या म्हणाल्या, असं सांगतात. आज धबधब्याजवळच्या एका दगडावर त्यांचा चेहरा कोरलेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीवरच्या ग्वाइराला मात्र कोणी वाचवू शकलं नाही. पाण्याच्या राशीनं जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांत गणला जाणारा तो धबधबा १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयाखाली गेला. ते वाचल्यापासून कुठल्याही धबधब्यापाशी मी "पुढच्या वेळी नीट पाहू" असं म्हणत नाही.

१०. फोटो सर्वांत शेवटी

धार रेशमासारखी मऊ दिसायला हवी असेल तर कॅमेऱ्याचं शटर अर्धा ते एक सेकंद उघडं राहू द्या, आणि कॅमेरा दगडावर किंवा तिपाईवर ठेवा. थेंब न्‌ थेंब गोठवायचा असेल तर एक हजारांश सेकंद. ढगाळ दिवस उत्तम, कारण कडक उन्हात पांढऱ्या पाण्यातले तपशील जळून जातात. एका तरी फोटोत माणूस किंवा झाड येऊ द्या, नाहीतर १० मीटर की १००, हे नंतर कळत नाही. कठड्याबाहेर पाऊल टाकून मिळणारा फोटो घेऊ नका.

११. तोच धबधबा कोरड्या ऋतूत पुन्हा पाहा

हे बहुतेक जण करत नाहीत. पाणी आटलं की आधी झाकलेलं सगळं उघडं पडतं: भेगा, पोखरलेल्या कपारी, पाण्यातल्या गोट्यांनी फिरून फिरून घडवलेले गोल रांजणखळगे. १९६९ मध्ये नायगाराच्या अमेरिकन बाजूची धार कातळाच्या अभ्यासासाठी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत बांध घालून बंद केली होती. तेव्हा तो कोरडा कडा पाहायलाही माणसांची रीघ लागली.

जाताना आधीचीच वही न्या. भरल्या पाण्यात काढलेल्या रेखाचित्राच्या समोरचं पान कोरं ठेवलेलं असेल तर त्यावर कोरडा कडा काढता येतो, आणि पाण्यामागे काय होतं याबद्दल केलेले तुमचे अंदाज जागच्या जागी तपासता येतात.